सहा व्होल्टचा हात

बल्ब मागायला येणारा माणूस सहसा जुना बल्ब बरोबर आणत नाही. तो हाताने दाखवतो. "एवढा असतोय बघा, गोल, खाली पितळंची टोपी." मग मी विचारतो, गाडी कुठली, पुढचा का मागचा, व्होल्ट किती. व्होल्ट म्हटलं की निम्मे गप्प होतात आणि निम्मे म्हणतात, "आवं, बल्ब द्या की, व्होल्ट कशाला?"

वाहनांच्या विजेच्या सामानाचं माझं सांगलीत दुकान आहे. बल्ब, फ्यूज, हॉर्न, रिले, वायर. धंदा शिकलो तो साताऱ्यात, काकांच्या दुकानात. काकांचा नियम एकच होता, जुना बल्ब हातात घेतल्याशिवाय नवा द्यायचा नाही. मी तो अजून पाळतो. त्यामुळे माझं गिऱ्हाईक थोडं कमी आहे आणि परत येणारा माल जवळजवळ नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बल्बच्या तीन गोष्टी बघायच्या असतात. व्होल्ट म्हणजे बॅटरीचा जोर. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो. आणि तिसरी गोष्ट टोपी, म्हणजे तो बसतो कसा. पहिल्या दोन गोष्टी चुकल्या तर बल्ब मंद लागतो, उडतो किंवा दिव्याची काच तापवतो. तिसरी चुकली तर बसतच नाही, आणि ते सगळ्यात चांगलं, कारण मग पुढचं नुकसान होत नाही. पण आपल्याकडचे लोक न बसणारी वस्तू बसवण्यात हुशार आहेत.

मागे एकदा फलटणकडचा एक ट्रॅक्टरवाला आला होता. ऊस घेऊन इकडच्या कारखान्याला आलेला. ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्यात एकच बल्ब असतो, पण त्यात दोन तारा. मंद तार कायम लागते, तेज तार ब्रेक दाबल्यावर. बल्ब उलटा बसू नये म्हणून टोपीवरच्या दोन पिना मुद्दाम वर-खाली असतात. याने कानशीने एक पिन घासून बल्ब उलटा बसवला होता आणि माझ्याकडे तक्रार घेऊन आला होता, की ब्रेक दाबला तरी दिवा वाढत नाही.

"वाढेल कसा? तेज तार तुम्ही कायमची लावून ठेवली. ब्रेकला मंद तार लागती."

"मग मागच्याला कळायचं कसं?"

"कळत न्हाई. म्हणून तर पिना वर-खाली केल्यात."

त्याने हातातला बल्ब फिरवून दोन्ही पिना बघितल्या. मग म्हणाला, "च्यायला, ह्या एवढ्या टोपीत एवढा इचार कुणी केला असंल?" धंद्यातलं एवढं चांगलं वाक्य मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. मलाही हेच कुतूहल आहे. ज्या माणसाने पहिल्यांदा एक पिन वर आणि एक खाली केली, त्याला मी ओळखत नाही, पण दिवसातून चार वेळा तरी माझा त्याच्याशी संबंध येतो.

आता हे कमी होत चाललंय. नव्या गाडीचा दिवा गेला तर बल्ब बदलत नाहीत, अख्खा दिवा बदलतात. आतले एलईडीचे ठिपके दिसतात, पण हात पोचत नाही. माझ्या दुकानात भिंतभर लाकडी खण आहेत, प्रत्येकावर व्होल्ट आणि वॅट लिहिलेले. त्यातले खालच्या दोन ओळींचे खण वर्ष-वर्ष उघडत नाहीत. मुलगी म्हणते, बाबा, तिथं मोबाइलचे चार्जर ठेवा. बरोबर बोलते. अजून ठेवलेले नाहीत.

तर गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एक बाई दुकानात आल्या. वय सत्तरीच्या पुढे, काठापदराची सुती साडी, चालणं ताठ. बरोबर पन्नाशीचा मुलगा. मी काही विचारायच्या आत त्यांनी पिशवीतून रुमाल काढला, घडी सोडली आणि काउंटरवर जुना बल्ब ठेवला. बाई मला तिथेच आवडल्या.

बल्ब बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, काचेच्या नळीसारखा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. मी मोजला. लांबी एकोणचाळीस मिलिमीटर, जाडी आठ. टोपीवर बारीक अक्षरांत सहा व्होल्ट, तीन वॅट. आतली तार तुटलेली.

"हा कुठला?"

"हाताचा," बाई म्हणाल्या.

त्यांना गावात सगळे सुशीलाक्का म्हणतात. कृष्णेकाठच्या गावात हळदीचा व्यापार आणि शेती. त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेली एक लहान काळी विलायती मोटार घरी आहे, अजून चालते. त्या काळच्या मोटारींना आजच्यासारखे लुकलुकणारे दिवे नसत. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबात दोन्ही बाजूंना एकेक उभी खाच असते. बटण फिरवलं की त्या खाचेतून वीतभर लांबीचा एक हात बाहेर येऊन आडवा होतो, ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला. त्या हाताच्या आत हा बल्ब. वर नारिंगी झाकण. मी असे हात चित्रात बघितले होते. बल्ब पहिल्यांदाच हातात घेतला होता.

अडचण अशी होती की दसऱ्यानंतर चार दिवसांनी मोटारीची सरकारी तपासणी होती. ती झाली की जुनी मोटार म्हणून नोंद होऊन ती रस्त्यावर राहणार, नाहीतर गोठ्याशेजारी कायमची उभी. वळण दाखवायची सोय दोन्ही बाजूंना चालू पाहिजे, एवढं एजंटाने सांगितलं होतं. आणि दोन्ही बल्ब गेलेले.

मुलगा भरत. त्याच्याकडे उपाय तयार होता. "काका, मी म्हणतोय, मडगार्डला चार भोकं पाडायची आणि स्कूटरचं इंडिकेटर बसवायचं. अर्ध्या तासाचं काम हाय. पण आई ऐकंना."

"माझ्या मोटारीला भोक पडायचं न्हाई," आक्का म्हणाल्या. "पत्र्याला आजवर एक ओरखडा न्हाई. भोक पाडून ती रस्त्यावर न्यायची, त्यापरास घरात राहू दे."

"बघा. घरात राहू दे म्हणती, आणि एकटीच गाडी धुवायला लागली की रडती. मी बघितलंय."

"रडत न्हाई. साबण जातोय डोळ्यात."

मी खण उघडले. छतातल्या दिव्याचे असे नळीचे बल्ब माझ्याकडे होते, पण जाडी अकरा मिलिमीटर. त्या हातात जात नाहीत. आठ जाडीचे होते ते बारा व्होल्टचे. ते सहा व्होल्टवर लावले तर उदबत्तीच्या टोकाएवढे दिसतात. एलईडीचा एक प्रकार करून बघितला, तो सहा व्होल्टवर लागलाच नाही. पुण्यातल्या तीन दुकानांना फोन केले. एकाने विचारलं, "म्युझियमला पाहिजे काय?" इंटरनेटवर परदेशातला एक विक्रेता सापडला, पण त्याचा माल पोचायच्या आत तपासणी होऊन गेली असती.

आक्का दर दोन-तीन दिवसांनी फोन करायच्या. एकदा मी विचारलं, की मोटारीचे दोन्ही हात बंद, तर इतकी वर्षं वळताना काय करत होता?

"खिडकीतनं माझाच हात काढत होते. पण डाव्या बाजूला कोण काढणार? पहिल्यापासनं गाडी मी चालवायची आणि हाताचं बटण आमचे मालक फिरवायचे. त्यांना नजरेचा त्रास, लांबचं दिसायचं न्हाई. म्हणून सासऱ्यांनी मला शिकवली. हळदीचे नमुने घेऊन मी सांगलीला यायची, हे शेजारी बसायचे. मी म्हणायची, डावीकडं, काढा हात. की काढला यांनी. ते गेल्यापासनं डाव्या बाजूचा हात कुणी काढला न्हाई."

हे त्यांनी हळदीचा दर सांगावा तशा आवाजात सांगितलं. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. पण त्यानंतर तो बल्ब माझ्या डोक्यातून जाईना.

माझी सासुरवाडी विट्याजवळची. विट्याची माणसं देशभर गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची. देशातलं कुठलंही शहर घ्या, सोनारांच्या गल्लीत विट्याकडचा माणूस सापडतो, आणि त्याला त्या गल्लीतलं प्रत्येक दुकान माहीत असतं. माझा मेव्हणा संपत कोइमतूरला आहे. त्याला जुन्या बल्बचा फोटो पाठवला आणि फोन केला.

"संपत, तुझ्याकडं जुन्या मोटारींच्या सामानाचं एखादं दुकान असेल बघ. असा बल्ब पाहिजे. सहा व्होल्ट."

"दाजी, सोनं मागा, चांदी मागा. तुमी बल्ब मागताय?"

"बघ तर खरं."

आठ दिवसांनी त्याने फोटो पाठवला. एका पुठ्ठ्यावर सात बल्ब. दुकान बंद करायला निघालेल्या एका म्हाताऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात मिळाले होते. टोप्या हिरव्या-काळ्या पडलेल्या. फोटो मोठा करून बघितला तर दोन टोप्यांवर सहाचा आकडा नीट दिसत होता, बाकीच्यांवर दिसत नव्हता. दोनच तर हवे होते.

"लय घाण बसलीया वर," संपत म्हणाला. "पण तुमी काळजी करू नका. दसऱ्याला येताना मीच घेऊन येतोय."

तो दसऱ्यानंतर दोन दिवसांनी दुकानात आला. तपासणी परवावर आलेली. मी आक्कांना बोलावून घेतलं होतं. त्या मोटारीतूनच आल्या, भरत शेजारी बसून. मोटार दुकानासमोर लागली तसे रस्त्यावरचे चार जण थांबले. संपतने खिशातून कापसात गुंडाळलेली पुडी काढली, सोनं उघडावं तशी उघडली आणि मागे सरकून उभा राहिला.

सातही बल्ब चकाकत होते. टोप्या नव्या नाण्यासारख्या.

"बघा, नवीन दिसत्यात का न्हाई?"

मी भिंग घेतलं. एक बल्ब फिरवून बघितला. दुसरा. तिसरा. टोप्या सगळीकडून गुळगुळीत.

"संपत, आकडे कुठं गेले?"

"कसलं आकडं?"

"टोपीवरचे. व्होल्ट, वॅट."

त्याने एक टोपी बोटाने चाचपली. "ते व्हय. ते काळं होतं तेच्यात गेलं असंल. आमच्याकडं काळं आलेलं तसंच कुणाच्या हातावर ठेवत न्हाईत, दाजी. आधी आम्लात, मग ब्रश, मग बाकीचं. लाज वाटती तसलं द्यायला."

त्याच्या धंद्यात हे बरोबरच आहे. धातूवर जे लिहिलेलं असतं ते काढूनच त्याचं काम सुरू होतं. माझ्या धंद्यात वस्तूची सगळी ओळखच त्या लिहिलेल्या चार खुणांत असते.

भरत म्हणाला, "आई, उद्या सकाळी फिटर येतोय ड्रिल घेऊन. मी सांगून ठेवलंय."

आक्का स्टुलावर बसल्या. "येऊ दे. चहा पाज त्याला आणि पाठव परत." मग मला म्हणाल्या, "आकडे गेले म्हणजे बल्ब गेला काय?"

प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ होतं. आकडा पुसला तरी आतली तार तीच असते. माझ्याकडे जुन्या स्कूटरची सहा व्होल्टची बॅटरी होती. ती काढली, मध्ये मीटर जोडला आणि एकेक बल्ब लावत गेलो. पहिला निखाऱ्यासारखा लाल लागला. म्हणजे बारा व्होल्टचा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. भरत मागून म्हणाला, "उदबत्तीचं दुकान टाका." चौथाही लाल. पाचवा मात्र एकदम पिवळाधमक लागला. मीटरवर अर्धा अँपिअर. अर्धा गुणिले सहा, तीन. सहा व्होल्ट, तीन वॅट.

"हा एक," मी म्हणालो.

सहावा लागला नाही. सातवाही लागला नाही.

"एक हात चालतोय म्हणजे झालं की," भरत म्हणाला. "फक्त उजवीकडंच वळत जाऊ. कधी ना कधी घरी पोचतोयच."

आक्कासुद्धा हसल्या. पण मी भिंगातून ते दोन बल्ब बघत होतो. सहाव्यातली तार तुटलेली होती. सातव्यातली तार पूर्ण होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी धड. मग तो लागत का नव्हता? टोपीच्या टोकाला बघितलं. आतून येणारी तार टोपीला जिथे कथलाच्या थेंबाने जोडलेली असते तिथे थेंबच नव्हता, नुसतं भोक होतं. आम्लाने थेंब खाल्ला होता. तारेचं टोक आत दिसत होतं, सुईच्या टोकाएवढं.

संपतला दाखवलं. त्याने भिंगातून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे ह्यो मी मारला."

"मेला न्हाई अजून. टाका मारला तर लागेल. पण माझी सोल्डरिंगची सळई ट्रॅक्टरच्या वायरिंगची आहे. याला लावली तर काच तडकेल."

"दाजी, टाका मारणं सोनाराचं काम. आमी फकस्त वितळवतो."

आक्का म्हणाल्या, "तुमच्याच हातनं गेलंय न्हवं? मग तुम्हीच बसा. मी हाय बसलेली."

संपत बसला. मी सळईच्या टोकाला तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळली आणि तिचं टोक पुढे सोडलं, म्हणजे जाड सळईला बारीक चोच आली. कथील धरावं म्हणून थोडी राळ दिली. त्याने आम्लाची बाटली आहे का विचारलं, तेव्हा मी आणि भरत एकदमच "न्हाई" म्हणालो.

माझ्या हाताला वायरीची सवय आहे. संपतचा हात वेगळा. त्याने बल्ब कापसात धरून डोळ्याजवळ आणला, श्वास थांबवला आणि चोच फक्त टेकवून काढली. पहिल्यांदा कथील पकडलं नाही, गोळी होऊन खाली पडलं. दुसऱ्यांदाही पडलं. तिसऱ्यांदा त्याने चोच टेकवून क्षणभर वाट बघितली, त्याच्या भट्टीसमोर बघत असेल तशी, आणि मग कथील दिलं. तो थेंब बसताना मी भिंगातून बघितला. बाजरीच्या दाण्याएवढा.

निवल्यावर बॅटरीला लावला. पिवळाधमक. मीटरवर अर्धा अँपिअर.

"लागला की गड्या!" संपत एकदम ओरडला. स्वतःच मारलेला आणि स्वतःच उठवलेला असा माल त्याला पहिल्यांदाच मिळाला असावा.

धड बल्ब उजव्या हातात घातला आणि टाक्याचा डाव्या हातात. आक्कांना तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं, की हा टाका धक्क्याने सुटू शकतो. खात्री देत नाही. मी खात्री नसलेला माल सहसा देत नाही. हा दिला.

भरतने फिटरला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग आईकडे बघून म्हणाला, "पण डावा परवा पेटला न्हाई तर गाडी गोठ्याला. मान्य?"

"मान्य," आक्का म्हणाल्या.

तपासणीच्या दिवशी मी दुकान उशिरा उघडलं. आक्कांनी फोनवर विचारलं होतं, "बटण फिरवायला येता काय? भरत घाईत फिरवतोय." मी त्यांच्या शेजारी बसलो, भरत मागे. तपासणीच्या आवारात ट्रक, रिक्षा आणि आमची काळी मोटार. अधिकारी तरुण होता. त्याने पुढचे दिवे बघितले, मागचे बघितले, आणि विचारलं, "इंडिकेटर?"

"काढा हात," आक्का म्हणाल्या.

मी बटण उजवीकडे फिरवलं. हात बाहेर आला, आडवा झाला, लागला. मग डावीकडे. एक क्षण काहीच झालं नाही. माझ्या डोक्यात तो बाजरीचा दाणा आला. मग खाचेत खरखर झाली, हात हळूहळू वर आला आणि नारिंगी उजेड पडला.

अधिकारी खाली वाकून बघत राहिला. "परत करा," म्हणाला. मी परत केलं. "हे आतून काय ओढतं?" मी सांगितलं, वेटोळ्यात वीज गेली की लोखंडाची दांडी ओढली जाते. त्याने आणखी दोनदा करायला लावलं. तिसऱ्यांदाची तपासणी नव्हती, कुतूहल होतं, हे मला कळलं. मीही त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. मग त्याने कागदावर सही केली. मागे बसलेल्या भरतने हात लांब करून तो कागद घेतला.

आवाराबाहेर पडून उजवीकडे वळायचं होतं. आक्कांनी सांगितलं, मी बटण फिरवलं, हात बाहेर. मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत उजव्या अंगानेच घुसला, हाताला घासून जाता जाता वाचला आणि ओरडला, "आवं आज्जी, इंडिकेटर द्या की!"

"दिलाय की रं!" आक्का खिडकीतून म्हणाल्या. "बघायला शिक आधी!"

गावात शिरून त्यांच्या गल्लीला डावीकडे वळलो. वळून झालं, बटण मधे आणलं, तरी डावा हात आत जाईना. बाहेर तसाच आडवा, लागलेला.

"अडकतोय तो," आक्का म्हणाल्या. "खांबावर गुद्दा मारायचा एक."

"टाका सुटेल आक्का."

"जोरात न्हवं. हे हळू मारायचे."

मी मूठ वळून खांबावर हळू मारली. हात आत गेला, उजेड गेला. त्यांनी मोटार घरासमोर आणून उभी केली, पण चावी काढली नाही. समोर त्यांचं बंद फाटक, पलीकडे गोठा. वळायचं कुठेच नव्हतं.

"डावीकडं," त्या म्हणाल्या. "काढा हात."

मी बटण फिरवलं. लागला.